परदेशी शिकलेला विद्यार्थी आणि मराठी गद्य

१

नागपूरच्या पूर्वभागातील लकडगंज ही वस्ती लाकडाच्या व्यापारावरून ओळखली जाते. तेथील वखारीत लाकूड घ्यावयास आलेला जाणता गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतो. हे लाकूड कोणत्या जंगलातले, हा पहिला. आणि ते वाळले कसे, चिरले कसे, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने लाकडाचे कुळ कळते. ते दाराच्या चौकटीत टिकेल की नाही, हे मात्र दुसऱ्याच्या उत्तराने ठरते. परदेशातील विद्यापीठात एखादे सत्र काढून याच वस्तीतल्या घरी परतणाऱ्या विद्यार्थ्याला सामान्यतः पहिल्या जातीचेच प्रश्न विचारले जातात. देश कसा आहे, थंडी किती पडते, जेवणाची सोय काय, माणसे कशी वागतात. तेथे शिकत असताना तुझ्या मनाचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच निघतो. घरच्या माणसांनी तो विचारला नाही यात त्यांचा दोष नाही. परंतु मराठी गद्यानेही तो फारसा विचारलेला नाही, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारात घेण्यासारखी आहे.

परदेशगमनाविषयीचे मराठी लेखन विपुल आहे. एकोणिसाव्या शतकापासून प्रवासवर्णनाची अखंड परंपरा मराठीत आढळते, आणि तिच्यावर समीक्षाही झाली आहे. या परंपरेत प्रवासी आहे, प्रचारक आहे, पाहुणा आहे. पण वर्गात बसून शिकणारा, चुकणारा, दुरुस्त केला जाणारा विद्यार्थी अभावानेच दिसतो. हा अभाव आकस्मिक नाही. परदेशी शिकावयास गेलेल्या मराठी माणसाच्या लेखनाला दोन दिशा लाभल्या : मराठीतून त्याने परका देश आपल्या लोकांपुढे मांडला, आणि इंग्रजीतून आपला देश परक्यांपुढे मांडला. या दोन मांडण्यांच्या मध्ये जे घडले, म्हणजे ज्या अध्ययनाने त्याची दृष्टी बदलली ते अध्ययन, ते या दोहोंपैकी कोणत्याच लेखनात नीटसे उतरले नाही. काही ठळक उदाहरणांच्या आधारे हे विधान तपासणे आणि त्याला असलेल्या अपवादाचा अर्थ लावणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांची परीक्षा घेऊन ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या रमाबाई वयाच्या पंचविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. वैद्यक शिकण्याचा त्यांचा मानस होता. परंतु कानांच्या दोषामुळे तो सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघात त्या प्रथम राहिल्या. तेथेच सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात, डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली, त्या एकीकडे शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत होत्या. पंडिताने विद्यार्थी होणे, आणि विद्यार्थी असतानाच पंडित म्हणून उभे राहणे, हा दुहेरी अनुभव मराठी गद्याला लाभलेला एक अपूर्व विषय होता.

या विषयाचे मराठीत काय झाले? १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इंग्लंडचा प्रवास’ हा पत्ररूप मजकूर इंग्लंडमधील अध्ययनाला खरा प्रारंभ होण्यापूर्वीचा आहे. त्यात मुख्यतः जलप्रवास आहे. त्यानंतर १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या, सुमारे पावणेतीन वर्षे तेथे राहिल्या, बालोद्यानपद्धतीचे शिक्षणही त्यांनी घेतले, आणि परतल्यावर १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नावच त्याचा भर सांगते. ‘लोकस्थिति’ आधी आहे, ‘प्रवासवृत्त’ नंतर. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्म व परोपकार, स्त्रियांची दशा अशा विषयांवर येथे सुव्यवस्थित माहिती आहे. गद्य भारदस्त आणि नेमके आहे. तुलनेत कोठेही आंधळे कौतुक नाही. शिक्षणाचे प्रकरण विस्तृत आहे. पण ते शिक्षणसंस्थांविषयी आहे. त्या संस्थांत शिकणाऱ्या रमाबाई त्यात नाहीत.

त्या आहेत त्यांच्या पत्रव्यवहारात. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, व्यक्तीच्या सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य यांवर शिष्या गुरुजनांशी वाद घालीत आहे. स्त्रीने पुरुषविद्यार्थ्यांना शिकवू नये, असा आक्षेप चर्चच्या अधिकाऱ्यांनी घेतला, तेव्हाही तिने तो मुकाट्याने मान्य केला नाही. गुरूविषयीची कृतज्ञता आणि गुरूच्या अधिकाराविषयीची शंका एकाच मनात एकाच वेळी कशी नांदते, याचे इतके स्पष्ट चित्र त्या काळातील दुसऱ्या कोणा मराठी विद्यार्थ्याने मागे ठेवल्याचे आढळत नाही. मात्र ते चित्र इंग्रजीत आहे, खाजगी आहे, आणि ते ज्यांना उद्देशून रेखाटले ते मराठी वाचक नव्हते. मराठी वाचकाला रमाबाईंनी निष्कर्ष दिले. ज्या झगड्यातून ते निष्कर्ष निघाले, तो झगडा दिला नाही.

याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. १८८९ च्या मराठी वाचकाच्या दृष्टीने रमाबाई धर्मांतरित होत्या. शिकताना आपण कोठे गोंधळलो, कोठे नमलो, कोठे चुकलो, हे त्यांनी मराठीत लिहिले असते, तर त्या कबुलीचा उपयोग त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून झाला असता. अमेरिकेची लोकस्थिती मात्र निर्वेधपणे मांडता येत होती. कारण तेथे लेखिकेच्या मनाची नव्हे, परक्या समाजाची तपासणी चालली होती. वाचकाशी असलेले नाते लेखनाचा प्रकार कसा ठरवते, याचा हा उघड दाखला आहे.

३

याच दशकात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला शिकल्या. प्रवासापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूर येथे त्यांनी जे भाषण केले, त्यात आपण अमेरिकेस का जात आहोत याची कारणे त्यांनी मांडली आणि आपला धर्म आपण सोडणार नाही अशी जाहीर ग्वाही दिली. एप्रिलमध्ये त्यांनी कलकत्ता सोडले, जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आनंदीबाई परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात निधन पावल्या.

आनंदीबाईंनी मराठीत पुस्तक लिहिले नाही. तेवढे आयुष्यच त्यांना लाभले नाही. त्यांची मराठी पत्रे मात्र आहेत, आणि ती काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेल्या चरित्रातून वाचकांपुढे आली. आहार, वस्त्र, थंडी, प्रकृती, पैसा या विषयांचे या पत्रांतील स्थान पाहून वाचकाला प्रथम असे वाटते की घरापासून दूर असलेल्या कोणत्याही मुलीच्या पत्रांत हेच असणार. परंतु श्रीरामपूरच्या ग्वाहीच्या पार्श्वभूमीवर ही पत्रे वाचली की त्या तपशिलांचा अर्थ पालटतो. जाण्यापूर्वीच ज्या मुलीकडून समाजाने वचन घेतले आहे, तिने काय खाल्ले आणि काय नेसले हा केवळ दिनचर्येचा भाग राहत नाही; ती साक्ष ठरते. लुगडे नेसण्याच्या पद्धतीत थंडीमुळे केलेला बदलसुद्धा पतीला समजावून सांगावा लागतो. विद्यार्थिनीची पत्रे अशा रीतीने आरोपीच्या जबानीच्या अंगाने जातात. अध्ययनाविषयी लिहावयास त्यात जागा उरत नाही असे नाही. परंतु ती जागा उरलीसुरली असते.

आणि अध्ययन तर मोठे होते. पदवीसाठी आनंदीबाईंनी ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर इंग्रजीत प्रबंध लिहिला. चौदाव्या वर्षी प्रसूत होऊन ज्यांचे मूल दहा दिवसांत गेले, त्या मुलीने प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडावा, आणि अमेरिकन परीक्षकांपुढे जुन्या संस्कृत ग्रंथांतील विचार आधार म्हणून ठेवावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. आईचा अनुभव, पंडिती परंपरा आणि नवे शास्त्र या तीन गोष्टी त्या प्रबंधापाशी एकत्र येतात. त्यांची परस्परांशी कशी गाठ पडली, कोठे विरोध झाला, कोणाला कोणी मागे सारले, हे जाणून घेण्याची इच्छा वाचकाला होते. मराठीत याचे उत्तर मिळत नाही.

पुढील मराठी वाङ्मयानेही ही पोकळी भरून काढण्यापेक्षा तिच्याभोवतीच बांधकाम केले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने आनंदीबाईंना घरोघरी पोहोचविले. कादंबरीच्या शीर्षकातच दांपत्य आहे, आणि तिचे बलस्थानही तेच आहे : हट्टी, विक्षिप्त, सुधारणेने झपाटलेला पती आणि त्याच्या हट्टाखाली वाढत वाढत त्याच्याहून मोठी होणारी पत्नी. २०१९ साली याच नावाने आलेल्या चित्रपटानेही तोच संबंध केंद्रस्थानी ठेवला. या कलाकृतींचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यांचा एक परिणाम असा झाला की आनंदीबाईंचे शिक्षण म्हणजे गोपाळरावांच्या हट्टाचे फलित, अशी समजूत रूढ झाली. फिलाडेल्फियाच्या अध्यापिकांनी त्यांना काय दिले आणि त्यांनी स्वतः काय मिळविले, हा प्रश्न विवाहाच्या कथेत बुडून गेला.

४

आता दुसऱ्या दिशेकडे वळावे लागते. मराठीतून परदेश मांडणारा हा विद्यार्थी परदेशात असताना कोणते लेखन करीत होता? रमाबाईंचे ‘हाय कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाले. त्याला आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा उल्लेख वर आलाच आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि विद्यार्थिदशेतच, १९०९ मध्ये, मनुस्मृतीच्या आधारे लिहिलेला जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला खंड त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केला. भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. तो पुढील वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला.

चार विद्यार्थी, चार वेगळी क्षेत्रे, चार वेगळ्या सामाजिक भूमिका. आणि तरी चौघांनीही परक्या वर्गापुढे आपलाच समाज विषय म्हणून ठेवला. आंबेडकरांच्या निबंधाचा प्रारंभ या दृष्टीने मार्मिक आहे. वस्तूंची प्रदर्शने सर्वांनी पाहिलेली असतात, मानवी संस्थांच्या प्रदर्शनाची कल्पना मात्र लोकांना विचित्र वाटते, अशा अर्थाच्या विचाराने ते श्रोत्यांना विषयाकडे नेतात. येथे विद्यार्थी स्वतःच्या स्थानाविषयी पूर्ण जागरूक आहे. परक्या सभागृहात आपल्या समाजाची मांडणी करणे म्हणजे एक प्रकारचे प्रदर्शन उभारणे होय, हे त्याला ठाऊक आहे. मात्र त्या प्रदर्शनात तो केवळ वाटाड्या होऊन राहत नाही. ज्या संस्थेचे जाच त्याने स्वतः सोसले आहेत, तिची शास्त्रीय उपपत्ती तो मांडतो, आणि आपल्या आधीच्या पाश्चात्त्य व भारतीय पंडितांच्या व्याख्या एकामागून एक तपासून त्यांतील उणिवा दाखवितो. त्या निबंधात केतकरांच्या व्याख्येचाही परामर्श आहे. कॉर्नेलमध्ये शिकलेल्या एका मराठी विद्यार्थ्याच्या ग्रंथाला कोलंबियात शिकणारा दुसरा मराठी विद्यार्थी आदराने व चिकित्सेने सामोरा जातो, आणि हा संवाद न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीतून होतो. एकाचे बालपण अमरावतीत, दुसऱ्याचे साताऱ्यात गेले. दोघांच्या विचारांची भेट व्हावयास अमेरिकेतील विद्यापीठ लागले. मराठी विचाराच्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा प्रसंग मराठी गद्याच्या बाहेर घडला.

केतकरांनी परत आल्यावर आपल्या अध्ययनाचे काय केले, हे नागपूरच्या वाचकाला वेगळे सांगावयास नको. ज्ञानकोशाचे कार्य १९१६ च्या सुमारास नागपूर येथेच सुरू झाले; पुढे ते पुण्यास गेले. परदेशी शिक्षणाचे त्यांनी आत्मकथन केले नाही, संस्था केली. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात त्या संस्थेचा इतिहास आहे. अनुभवाचे रूपांतर कार्यात करणे हे श्लाघ्य आहे, यात संशय नाही. पण त्यामुळेच कॉर्नेलमधील केतकर, म्हणजे ज्ञानकोशाची कल्पना ज्याच्या मनात रुजली तो विद्यार्थी, मराठी वाचकाला फारसा भेटत नाही. कार्याने कर्त्याचा पूर्वकाळ झाकला.

तात्पर्य असे की एका हाताने परदेशाचे आणि दुसऱ्या हाताने स्वदेशाचे चित्र रेखाटण्यात हे विद्यार्थी गुंतलेले होते. दोन्ही चित्रे मोलाची आहेत. इंग्रजी चित्रांनी तर भारतीय समाजशास्त्राला पाया पुरविला. परंतु दोन्ही ठिकाणी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बोलतो. प्रतिनिधीला चुकण्याची मुभा नसते, आणि चुकण्यावाचून शिकणे नसते.

५

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की वैद्यक, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र यांतील अध्ययनाचे वर्णन मराठीतून करावयास त्या काळी परिभाषाच नव्हती. हा आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे काही शिक्षण मराठीतून देण्याचा प्रयत्न झाला होता. रमाबाईंच्या ग्रंथात अमेरिकेच्या राज्यघटनेसारखा अपरिचित विषय सुबोध मराठीत उतरला आहे. जी भाषा परक्या देशाची राज्यपद्धती समजावून देऊ शकते, ती एका विद्यार्थिनीचा गोंधळ सांगू शकली नसती असे मानणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप असा की अध्ययन ही गोष्टच नीरस. पुस्तके वाचली, व्याख्याने ऐकली, परीक्षा दिली, यांत वाङ्मय होण्यासारखे काय आहे? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी तर्काची गरज नाही. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हेच त्याचे उत्तर आहे.

गोव्यातील साखवाळ या गावी १८७६ मध्ये जन्मलेल्या कोसंबींना बुद्धाविषयीची पहिली ओढ ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील लेखाने लागली. १८९९ मध्ये पत्नी आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून ते विद्येसाठी घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे हिंडत, काशीच्या अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकत, अखेर १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले. तेथेच ते श्रामणेर झाले. नंतर ब्रह्मदेशातही त्यांचा काळ गेला. परदेशगमन म्हटले की विलायत किंवा अमेरिका डोळ्यांपुढे आणण्याची सवय इतकी दृढ आहे की कोसंबींचे सिंहलातील वास्तव्य हे परदेशी विद्यापीठातील अध्ययन होय, हे सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः ते तसेच होते : परका देश, परकी भाषा, परके अन्न, वेगळी शिस्त, आणि ज्याच्यासाठी समुद्र ओलांडला असा गुरू.

१९२४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘निवेदना’त अध्ययन हा पार्श्वभूमीचा भाग नसून तेच कथानक आहे. बुद्धाने खरोखर काय सांगितले, हा एकच प्रश्न माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावी लोटीत नेतो. ग्रंथ न मिळणे, गुरू न भेटणे, भेटलेल्याने निराशा करणे, प्रकृती बिघडणे, पैसा नसणे, घराची आठवण येऊन मन खचणे, पुन्हा उठणे या सर्व गोष्टी तेथे साध्या, जवळजवळ कोरड्या गद्यात येतात. कुटुंबाला सोडून आल्याचा सल लेखक झाकीत नाही आणि त्याचे भांडवलही करीत नाही. अज्ञान हे येथे लाजेचे कारण नसून प्रवासाचे कारण आहे.

कोसंबींना हे शक्य झाले आणि इतरांना झाले नाही, ते का? त्यांची प्रतिभा अधिक होती म्हणून नव्हे. ‘निवेदना’तील विद्यार्थ्याला कोणी पाठविलेले नव्हते. त्याच्यापाशी शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून अहवाल नव्हता. जाहीर वचन नव्हते, म्हणून साक्ष नव्हती. आणि तो कोणत्याही समाजाचा नमुना म्हणून वर्गात बसलेला नव्हता, म्हणून त्याला प्रदर्शन मांडावयाचे नव्हते. ज्याच्यावर कोणाचा हिशेब नाही तोच आपल्या अज्ञानाचा हिशेब प्रामाणिकपणे देऊ शकला. यालाही किंमत होती, आणि ती गोव्यात मागे राहिलेल्या कुटुंबाने दिली, हे समीक्षकाने विसरता कामा नये. हे स्वातंत्र्य त्या काळी विवाहित पुरुषालाच घेता येण्यासारखे होते. आनंदीबाईंना किंवा रमाबाईंना ते तसे उपलब्ध नव्हते. म्हणून ‘निवेदना’चा मोठेपणा मान्य करताना त्याच मापाने इतरांना उणे ठरविणे अन्यायाचे होईल.

कोसंबी पुढे १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात गेले. पण तेथे ते विद्यार्थी नव्हते, ‘विशुद्धिमार्गा’च्या संपादनासाठी बोलावलेले जाणकार होते. विद्योदयात मिळविलेल्या विद्येने त्यांना हार्वर्डचे दार उघडले, आणि तिचे मराठी फळ ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४० च्या सुमारास नागपूर व पुणे येथील सुविचार प्रकाशन मंडळाने प्रसिद्ध केला. विद्या कोठे मिळविली आणि ती कोणत्या वाटेने आपल्या भाषेत आली, हे कोसंबींच्या बाबतीत वाचकाला पायरीपायरीने दिसते. कारण मधली पायरी त्यांनी स्वतः लिहून ठेवली.

६

मराठी गद्याच्या प्रकृतीतच हा विषय बसत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला विदर्भाच्या भूमीतूनच उत्तर देता येते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूर येथे म्हाइंभटांनी संकलित केलेले ‘लीळाचरित्र’ हे मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक. त्यात परप्रांतातून आलेला गुरू आहे आणि त्याच्यापाशी शिकणारी माणसे आहेत. शिष्यांचे प्रश्न, त्यांचे गैरसमज, त्यांना बसलेले बोल, उशिरा उमगलेले अर्थ हे सारे त्या लीळांत नोंदलेले आहे. महदाइसेची जिज्ञासा आणि तिचे प्रश्न विचारणे यांना त्या ग्रंथात मान आहे. गुरूचे वचन जपण्यासाठी ग्रंथ झाला खरा. पण वचन जपताना ते कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले, हेही जपले गेले. शिकणाऱ्याच्या अज्ञानाला तेथे स्थान आहे, कारण त्या अज्ञानावाचून वचनाचा अर्थ लागत नाही.

ज्या भाषेच्या गद्याचा प्रारंभ अशा ग्रंथाने झाला, तिला विद्यार्थ्याचा अनुभव अपरिचित नव्हता. आधुनिक काळात तो दुरावला तो भाषेच्या असमर्थतेमुळे नव्हे, तर विद्यार्थ्यावर लादलेल्या भूमिकेमुळे. ऋद्धिपूरच्या परंपरेत शिष्य शिष्य म्हणूनच बोलतो. फिलाडेल्फियाहून लिहिणारा विद्यार्थी मात्र घरच्यांपुढे निष्ठावंत म्हणून आणि परक्यांपुढे देशाचा प्रवक्ता म्हणून बोलतो. त्याच्या मुखाने शिष्य कधी बोलतच नाही.

७

हा प्रश्न केवळ गतकाळाचा असता तर त्याची चर्चा इतिहासापुरती राहिली असती. आज परदेशातील अध्ययन वर्षांच्या मापाने नव्हे, पुष्कळदा सत्रांच्या मापाने मोजले जाते. नागपूरहून गेलेला विद्यार्थी चार-पाच महिने परक्या विद्यापीठात राहतो, ठराविक श्रेयांक मिळवितो आणि परततो. आनंदीबाईंच्या पत्राला घरी पोहोचावयास आठवडेच्या आठवडे लागत; आजच्या विद्यार्थ्याचा चेहरा लकडगंजातील घरात रोज रात्री दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतो. समुद्र ओलांडण्याचा दोष लागत नाही, प्रायश्चित्त मागितले जात नाही. अशा वेळी त्याच्या लेखनावरचे जुने दडपण नाहीसे झाले असावे, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक आहे.

परंतु बारकाईने पाहता जुन्या भूमिका नव्या वेषात हजर असल्याचे दिसते. साक्षीची जागा छायाचित्राने घेतली आहे : आपण सुखरूप आहोत, आनंदात आहोत, खर्च वाया गेलेला नाही, हे ते घरच्यांना सांगते. लोकस्थितीची जागा अहवालाने घेतली आहे. विद्यार्थी कोणत्या सोयी पाहिल्या आणि कोणती कौशल्ये मिळविली याची यादी देतो. आणि परक्या वर्गात जात, विवाह, अन्न, धर्म यांविषयीच्या प्रश्नांना उत्तर देताना देशाचा प्रवक्ता होण्याचे ओझे त्याच्या वाट्याला आजही येऊ शकते. पत्राचा विलंब गेला, त्याबरोबर एक लाभही गेला. उत्तर यावयास दोन महिने लागतात तेव्हा लिहिणाऱ्याला स्वतःशी बोलावे लागते. रोजच्या संभाषणात ती सक्ती उरत नाही. वर्गात एखादा प्रश्न न कळल्याची रात्र त्या संभाषणात ‘सगळे ठीक आहे’ या तीन शब्दांत मावून जाते.

मराठी विभागांच्या दृष्टीने यातून काही कामे निघतात. पहिले हे की रमाबाई, आनंदीबाई, केतकर आणि आंबेडकर यांचे विद्यार्थिदशेतील इंग्रजी लेखन मराठी गद्याच्या इतिहासाबाहेरचे समजू नये. ते मराठी मनाचे लेखन आहे. मराठीत जे लिहिले गेले नाही त्याची जागा ते दाखविते, आणि म्हणून दोन्ही भाषांतील लेखन शेजारी ठेवून वाचले पाहिजे. ‘लोकस्थिति’ आणि चेल्टनहॅमची पत्रे एकत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ज्या रमाबाई भेटतील, त्या यांपैकी एकच वाचणाऱ्याला भेटणार नाहीत. दुसरे हे की ‘निवेदना’ची गणना केवळ आत्मचरित्रांत किंवा बौद्धविद्येच्या साधनांत न करता अध्ययनानुभवाच्या गद्याचा आदर्श म्हणून ते अभ्यासिले जावे. तिसरे काम परतणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी आहे. त्यांना अहवालाबरोबरच असे काही लिहावयास सांगितले पाहिजे की ज्यात त्यांना आपला गोंधळ लपवावा लागणार नाही : जाण्यापूर्वी काय ठाऊक आहे असे वाटत होते, तेथे कोणी ते चुकीचे ठरविले, आणि परतताना कोणता प्रश्न सुटल्यावाचून बरोबर आला.

असे लेखन मराठीत व्हावयाचे असेल तर प्रथम वाचकाने आपला प्रश्न बदलला पाहिजे. रमाबाईंनी झगडा लपविला आणि आनंदीबाईंनी साक्ष दिली, ती त्यांच्या वाचकांनी दुसरे काही मागितले नाही म्हणून. वखारीत उभा असलेला गिऱ्हाईक लाकूड कोणत्या जंगलातले एवढेच विचारून थांबत नाही. ते उन्हात किती दिवस पडले, आऱ्याखाली कसे गेले, हेही विचारतो, कारण त्याला त्याचे घर बांधावयाचे असते. परदेशी शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या विद्येवर ज्या समाजाला काही उभारावयाचे आहे, त्यानेही हा दुसरा प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे.